बादली हातात देणाऱ्यांचा हिशेब

९ मार्च १९४५ ची रात्र. टोकियोत साडेदहाच्या सुमारास सावधगिरीचा भोंगा झाला. थोडी विमानं दिसली, मग ती समुद्राकडे वळली. कडाक्याची थंडी आणि वर सोसाट्याचा वारा. दमलेली माणसं पुन्हा पांघरुणात शिरली. मध्यरात्र उलटून आठ मिनिटं झाली तेव्हा पहिले बॉम्ब पडले. हल्ल्याचा भोंगा वाजला १२ वाजून १५ मिनिटांनी.

आधी आग लागली आणि मग सरकारनं सांगितलं की आग लागणार आहे. मधली सात मिनिटं माझ्या डोक्यातून गेले कित्येक महिने जात नाहीत. युद्धात चुका होतात, भोंगे उशिरा वाजतात, हे मान्य. पण ज्या सरकारनं त्या माणसांना वर्षानुवर्षं भोंगा ऐकायची, दिवे घालवायची, बादल्या भरून ठेवायची सवय लावली होती, त्या सरकारचं त्या माणसांशी काही देणंघेणं होतं की नाही? जपाननं या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं कोर्टात दिलं आणि ते उत्तर होतं: नाही. आपल्यालाही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही, म्हणून हा लेख.

त्या रात्री अमेरिकेच्या २७९ बी-२९ बॉम्बफेकी विमानांनी टोकियोवर सुमारे १,६६५ टन आगलावे बॉम्ब टाकले. एरवी ही विमानं खूप उंचावरून बॉम्ब टाकत. त्या रात्री कर्टिस लमे या अमेरिकी सेनानीनं ती दीड ते पावणेतीन हजार मीटरपर्यंत खाली उतरवली. लक्ष्य होतं सुमिदा नदीच्या दोन्ही काठांवरची आसाकुसा, होंजो, फुकागावा ही वस्ती. सुतार, छोटे दुकानदार, घरातच लेथ किंवा शिलाई मशीन चालवणारे कारागीर, सगळे दाटीवाटीनं राहणारे. आपल्याकडच्या गिरणगावाला डोळ्यांसमोर आणा, फक्त भिंती विटांच्या नाहीत, लाकडाच्या आणि दारं कागदाची.

बॉम्ब म्हणजे काय होतं तेही बघू, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. एम-६९ नावाची सहा बाजूंची एक लोखंडी नळी, साधारण दोन वीत लांब, पावणेतीन किलोची. अशा ३८ नळ्यांची एक मोळी. मोळी हवेतच सुटायची आणि नळ्या विखरायच्या. प्रत्येक नळीला मागे कापडाची शेपटी, ती पेटायची, त्यामुळे खालून बघणाऱ्याला आभाळातून पेटत्या फिती उतरताना दिसायच्या. नळी कौलातून आत घुसून चटईवर पडायची आणि तीन ते पाच सेकंद गप्प राहायची. मग तिच्या तोंडातून पेट्रोलचा जळता लगदा उडायचा, तीस-तीस मीटर लांब, आणि जिथे बसेल तिथे चिकटायचा. अमेरिकेनं त्याची चाचणी १९४३ मध्ये यूटाच्या वाळवंटात हुबेहूब जपानी घरं बांधून, आत चटया अंथरून घेतली होती. ती घरं आखून देणारा आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड वर्षानुवर्षं जपानात राहिलेला माणूस. पुदुच्चेरीला अरविंद आश्रमाचं गोलकोंड हे निवासस्थान पाहायला आपली मंडळी जातात, झडपांतून येणाऱ्या वाऱ्याचं कौतुक करतात. तेही त्याचंच. घरात वारा कसा खेळतो हे ज्याला कळतं, त्याला घर कसं पेटतं हेही कळतं. असो.

आता या नळीपुढे उभा असलेला माणूस. त्याच्या दारात पाण्याचं टाकं, दोन-चार बादल्या, वाळूच्या पिशव्या, ओल्या चटया आणि आग बडवायला बांबूच्या टोकाला बांधलेला सुंभाचा झुपका. बायकांच्या आणि पोरांच्या डोक्याला कापूस भरलेलं जाड टोपरं, आपली दुलई कापून शिवल्यासारखं. ते वरून पडणाऱ्या ढिगाऱ्यापासून वाचायला होतं. ठिणगी पडली की कापूस आतून धुमसायचा आणि डोक्यावरचं टोपरं पेटलंय हे आईला पाठीवरचं मूल ओरडेपर्यंत कळायचं नाही.

ही माणसं पळाली का नाहीत, असा प्रश्न आपल्या मनात येतोच. उत्तर कायद्यात आहे. जपाननं १९३७ साली हवाई संरक्षणाचा कायदा केला आणि पर्ल हार्बरच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, त्यात दुरुस्ती केली. रहिवाशांना शहर सोडून जायला मनाई करण्याचा अधिकार सरकारनं घेतला. घराला आग लागली तर तिथे असलेल्यांनी ती विझवलीच पाहिजे, असं बंधन घातलं. मनाई मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे येन दंड. शिवाय दहा-दहा घरांची शेजारमंडळं होती. भोंग्याच्या कवायती त्यांच्यामार्फत व्हायच्या आणि रेशनही त्यांच्यामार्फतच मिळायचं. कायद्याच्या कलमापेक्षा शेजारच्या बाईची नजर जड असते, हे चाळीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. घरोघरी वाटलेल्या पुस्तिकांत आगलाव्या बॉम्बला कसं तोंड द्यायचं ते लिहिलेलं होतं. वाळू टाका, ओली चटई टाका, आजूबाजूला पाणी मारा.

चिकटलेल्या पेट्रोलवर पाणी. पहिली काही मिनिटं लोकांनी खरोखरच रांगा करून बादल्या फिरवल्या. आज्ञाधारक माणसं आधी गेली.

जी पळाली तीही फार लांब गेली नाहीत. आसाकुसाच्या कान्नोन देवळाकडे लोक धावले, कारण १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत ते वाचलं होतं. या वेळी ते जळालं. मेजी-झा नाट्यगृह पक्क्या बांधणीचं म्हणून शेकडो लोक आत शिरले आणि आतच राहिले. कोतोतोई पुलावर पूर्वेची माणसं पश्चिमेकडे आणि पश्चिमेची पूर्वेकडे निघाली, मधोमध गाठ पडली, आणि मग कुणालाच हलता येईना. त्या पुलाच्या जुन्या कठड्याचे दगड आज सुमिदा उद्यानात ठेवले आहेत. नदीत उड्या मारलेल्यांपैकी पुष्कळ गारठून मेले. आणि एक गोष्ट लिहिताना हात थांबतो. सरकारनं १९४४ मध्ये शाळकरी मुलांना खेड्यापाड्यांत पाठवलं होतं. सहावीची मुलं मार्चच्या सुरुवातीला टोकियोत परत आली होती, शाळेच्या निरोपसमारंभासाठी.

पहाटेपर्यंत सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळालं, साधारण एक लाख माणसं मेली, दहा लाखांवर बेघर झाली.

त्याच रात्री शहराच्या उंचावरच्या भागात रोबेर गियाँ हा फ्रेंच पत्रकार अंगणात उभा राहून हे पाहत होता. विमानांच्या पोटावर आगीचा उजेड पडत होता, पंख चमकत होते. त्यानं नोंदवून ठेवलंय की आजूबाजूच्या बागांतून आणि खड्ड्यांतून डोकी वर काढून त्याचे शेजारी आश्चर्याचे उद्गार काढत होते, रंगभूमीवरचं भव्य दृश्य बघावं तसे. मला यात शेजाऱ्यांचा राग येत नाही. लांबून रात्रीचा हल्ला सुंदर दिसतो, दिवाळीसारखा दिसतो. हे कबूल न करणारा माणूस खोटं बोलतो. मे २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी सोफ्यावर बसून जम्मूच्या आभाळातले ठिपके पाहिले, आणि आमच्या घरात तरी पोरांनी ‘वॉव’ म्हटलं. वाहिन्यांनी तर दृश्याला पार्श्वसंगीत म्हणून भोंगाच लावला. शेवटी १० मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाला सांगावं लागलं की बाबांनो, खरा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, लोकांचे कान मेले तर खऱ्या वेळी कोण हलणार?

म्हणून साक्षीदार कोण, याबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्याला हल्ला नीट दिसतो तो बहुधा सुरक्षित जागी असतो. खालच्याला काहीच दिसत नाही. त्याला धूर, शेजारणीचा पदर आणि पायाखालची वाट दिसते. त्याची साक्ष सकाळी सुरू होते, ‘माझी दोन माणसं सापडत नाहीत’ या वाक्यानं. आणि ती साक्ष लिहून घ्यायची जबाबदारी ज्याची, तो बहुतेक वेळा जागेवर नसतो.

टोकियोत तेच झालं. इशिकावा कोयो हा पोलीस खात्याचा छायाचित्रकार. त्यानं त्या रात्रीचे आणि सकाळचे फोटो काढले, जेमतेम तेहतीस. युद्धानंतर अमेरिकी प्रशासनानं निगेटिव्ह मागितल्या तेव्हा त्यानं त्या घराच्या आवारात पुरल्या. प्रेतं घाईघाईनं बागांमध्ये पुरली गेली, काही वर्षांनी उकरून जाळली, आणि अस्थी योकोआमिचो बागेतल्या त्या इमारतीत नेऊन ठेवल्या, जी १९२३ च्या भूकंपातल्या मृतांसाठी बांधलेली होती. आजही त्या तिथेच आहेत. भूकंप आणि बॉम्ब एका छपराखाली. मला वाटतं जपान सरकारची सगळी भूमिका या एका गोष्टीत येते. आकाशातून काहीतरी पडलं, माणसं मेली, दुर्दैव म्हणायचं.

गंमत म्हणजे युद्ध चालू असताना सरकारची भूमिका अशी नव्हती. १९४२ साली युद्धातल्या आपत्तीत सापडलेल्या नागरिकांना मदत देणारा कायदा जपाननं केला होता. लोकांना शहरात थांबवायचं तर काहीतरी हमी द्यायलाच हवी, एवढं त्यांना कळत होतं. युद्ध संपलं, १९४६ मध्ये तो कायदा रद्द झाला. सैनिकांचं निवृत्तिवेतनही तेव्हा बंद झालं होतं, पण ते १९५२-५३ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि आजवर सैनिक व त्यांच्या वारसांवर ६० लाख कोटी येनच्या घरात खर्च झाला. नागरिकांचा कायदा परत आलाच नाही. नागोयाच्या हल्ल्यात डावा डोळा गमावलेल्या सुगियामा चिसाको यांनी १९७२ मध्ये जखमी नागरिकांची संघटना उभी केली. त्यांच्यासाठी संसदेत विधेयक आलं, पडलं, पुन्हा आलं. असं चौदा वेळा झालं. सुगियामाबाई २०१६ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या.

सरकारचा युक्तिवाद असा: सैनिक आणि शासन यांच्यात नोकरीचं नातं होतं, नागरिकांशी तसं काही नव्हतं. कोर्टाचा युक्तिवाद त्याहून गोल. नागोयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये म्हटलं की युद्धाची झळ साऱ्या राष्ट्रानं सारखी सोसायची असते. टोकियोच्या शंभरावर वाचलेल्यांनी २००७ मध्ये दावा लावला, तो २०१३ पर्यंत सगळ्या पायऱ्या चढून फेटाळला गेला. सारखी सोसायची! जो कैदेच्या भीतीनं बादली घेऊन उभा राहिला त्याची झळ आणि ज्यानं उभं राहायचा हुकूम काढला त्याची झळ सारखी? आणि नोकरीचं नातं नव्हतं तर हुकूम मोडल्याबद्दल दंड कशाचा? घरगड्यालाही आपण असं म्हणत नाही की तू कामावर नव्हतास, पण दांडी मारलीस म्हणून पगार कापतो.

हे सगळं चालू असताना, डिसेंबर १९६४ मध्ये, जपाननं एका परदेशी पाहुण्याला उगवत्या सूर्याचा पहिल्या श्रेणीचा सन्मान दिला. नव्या हवाई दलाच्या उभारणीत मदत केल्याबद्दल. पाहुण्याचं नाव कर्टिस लमे.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणावंच, की जपान्यांसाठी एवढा गहिवर कशाला? टोकियो जळायच्या कितीतरी आधी जपानी विमानं चीनमध्ये चोंगछिंगवर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकत होती. ५ जून १९४१ च्या रात्री तिथल्या एका भुयारी आसऱ्यात लोक चेंगरून, गुदमरून मेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले ते पथक या चोंगछिंगमधूनच पुढे येनानला गेलं होतं. म्हणजे हल्लेखोर कोण होतं हे आपल्याला घरच्या माणसांकडून ठाऊक आहे. पण त्यानं माझा मुद्दा लंगडा होत नाही, उलट घट्ट होतो. चोंगछिंगच्या वाचलेल्यांनीही टोकियोच्या कोर्टात दावा केला आणि त्यांनाही नन्नाच मिळाला. जे सरकार स्वतःच्या जळालेल्या माणसांची यादी करत नाही, ते दुसऱ्याच्या माणसांची कुठून करणार?

दुसरी बाजूही बघू. सगळ्यांना भरपाई देणं कोणत्याच देशाला परवडणार नाही, असं म्हणतात. ब्रिटननं सप्टेंबर १९३९ मध्ये, लंडनवर एकही बॉम्ब पडायच्या आधी, नागरिकांच्या शारीरिक इजांसाठी कायदा केला. लंडनवरची सलग ५७ रात्रींची बॉम्बफेक वर्षभरानं सुरू झाली. तो कायदा काही फार उदार नव्हता. बाईचा पाय गेला तर पुरुषाच्या पायापेक्षा कमी पैसे मिळायचे. खासदार बायकांनी ते लावून धरलं आणि १९४३ मध्ये दोन्ही पायांची किंमत एक झाली. पण भांडता आलं ते कशाच्या जोरावर? कायदा होता, कलम होतं, आकडा होता. आकड्याशी भांडता येतं, दयेशी येत नाही. आणि हल्ल्यांत मेलेल्या सुमारे ६७ हजार नागरिकांची नावं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ग्रंथबद्ध आहेत. दिवाळं निघालेल्या ब्रिटनला जे जमलं, पश्चिम जर्मनीला १९५० मध्ये राखेतून उठताना जे जमलं, ते न परवडण्याजोगं होतं असं मला तरी पटत नाही.

आता आपलं बघू. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रात सोळा ठिकाणी, त्यात मुंबई, उरण, तारापूर, मनमाड, ठाणे. आदल्या रात्री एक ते दीडच्या दरम्यान ‘ऑपरेशन सिंदूर’ होऊन गेलेलं, त्यामुळे हवा तापलेली. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीनं हौसेनं स्वतःची वेगळी तालीम ठेवली. एक तरुण स्वयंसेवक आला, गळ्यात शिट्टी, हातात वही. जिन्यात वाळूच्या लाल बादल्या आल्या. माझी आई ८० ची आहे. तिनं खिडकीवर टाचायला जुनं खाकी वेष्टण काढलं आणि १९७१ च्या डिसेंबरातली दादरची चाळ सांगायला लागली. काचांना कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि खालून कुणीतरी ओरडायचं, ‘अहो तिसरा मजला, देव्हाऱ्यातली समई दिसतेय!’ तिच्या आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. कवायतीची एक मजा असते, आपण सगळे एक आहोत असं वाटतं. टोकियोच्या शेजारमंडळांनाही वाटत असणार.

मी तालमींच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. १९६८ चा नागरी संरक्षण कायदा असावा, भोंगे असावेत, लोकांना जिना कुठला उतरायचा हे ठाऊक असावं. फक्त भरपाईचं दुसरं पान कुठे आहे, एवढंच माझं म्हणणं.

त्या तीन-चार दिवसांत सीमेपलीकडेही माणसं मेली आणि आपल्याकडेही. पूंछ भागात तोफगोळे घरांवर पडले, एका ७ मे रोजीच डझनभर नागरिक गेले. मदत आली नाही असं मी म्हणणार नाही. जम्मू-काश्मीरच्या मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना १० लाख जाहीर केले. केंद्रानं पडलेल्या घरांना २ लाख आणि अर्धवट पडलेल्यांना १ लाख जादा दिले. काही वारसांना नोकरीची पत्रं मिळाली. टोकियोच्या तुलनेत हे पुष्कळ आहे, आणि लवकरही. पण या रकमांना कागदावर काय म्हणतात ते बघा. सानुग्रह अनुदान. अनुग्रह म्हणजे कृपा. गुरूनं शिष्यावर करावा तो. गारपिटीत द्राक्षबाग गेली की तलाठी पंचनामा करतो आणि सानुग्रह मिळतं. घरावर गोळा पडला तरी पंचनामा आणि सानुग्रह. म्हणजे आपणही बॉम्बला अवकाळीच्या रकान्यात बसवलंय. फक्त आपली कृपा जपान्यांपेक्षा सढळ आहे.

केंद्राची एक योजनाही आहे, दहशतवाद, दंगल आणि सीमेपलीकडचा गोळीबार यांतल्या नागरी बळींसाठी, ५ लाखांची. चांगली आहे. पण योजना ती योजना. ती परिपत्रकानं येते आणि परिपत्रकानं जाते, मंत्र्याच्या भाषणात वाढते आणि अर्थसंकल्पात आटते. जपानचा तर कायदा होता, तो एका फटक्यात गेला.

आणि असं नाही की आपल्याला कायदा सुचलाच नव्हता. चीननं हल्ला केला त्या १९६२ सालीच संसदेनं नागरिकांच्या युद्धातल्या शारीरिक इजांना मदत देणारा कायदा केला, ब्रिटिश कायद्याच्या वळणावर. पाठोपाठ १९६३ मध्ये कामगारांच्या अशा इजांसाठी विम्याचा कायदा आला. पण १९६२ च्या कायद्याची गाठ आणीबाणीच्या मुदतीशी मारलेली. आता लढाया तशा होत नाहीत. घोषणा होत नाही, आणीबाणी लागत नाही, मध्यरात्री पंचवीस मिनिटांची कारवाई होते, चार दिवस ड्रोन आणि तोफा चालतात, शनिवारी संध्याकाळी शस्त्रसंधी. सोमवारी शेअर बाजार वर. ज्याच्या घरावर गोळा पडला त्याच्यासाठी मात्र ते युद्धच असतं. गाठ सोडवून तोच कायदा पुन्हा मांडायला काय हरकत आहे? आणीबाणी असो नसो, शत्रूच्या शस्त्रानं नागरिक मेला किंवा जायबंदी झाला की ठरलेली रक्कम, ठरलेलं वेतन, ठरलेल्या मुदतीत, हक्क म्हणून. मागायला मंत्र्याच्या दौऱ्याची वाट बघायला लागू नये. सोबत प्रत्येक मृताचं नाव, गाव, वेळ असलेली एक यादी, कुणालाही बघता येईल अशी. सैनिकांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या दगडावर आहेत, ती असायलाच हवीत. पूंछच्या दुकानदाराचं नाव कुठल्या दगडावर आहे?

यावर एक आक्षेप माझ्या मित्रानं घेतला, तो सैन्यातून निवृत्त आहे. तो म्हणाला, ‘अरे, असले कायदे केले की शत्रूला कळतं आपण कुठे दुखतो. आणि लोक हिशेबी होतात.’ पहिल्या भागाचं उत्तर ब्रिटननं देऊन ठेवलंय, कायदा करून ते युद्ध हरले नाहीत. दुसऱ्या भागाबद्दल मी म्हटलं, लोक हिशेबी व्हावेत हीच तर इच्छा आहे. तो हसला, पण पटलं नाही त्याला.

टोकियोच्या लोकांनी शेवटी हिशेब स्वतःच ठेवला. १२ वर्षांचा असताना त्या रात्रीतून वाचलेल्या साओतोमे कात्सुमोतो यांनी १९७० पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्यायचा उद्योग सुरू केला. महानगर प्रशासनाचं स्मारक-संग्रहालय १९९९ मध्ये बारगळलं, तेव्हा वर्गणी काढून २००२ मध्ये कोतो भागात त्यांनी एक छोटं केंद्र उघडलं. मृतांच्या नावांची यादीही लोकांनी रेटा लावल्यावर महानगर प्रशासनानं करायला घेतली, त्यात ८० हजारांवर नावं जमली. ती योकोआमिचोच्या फुलांनी झाकलेल्या स्मारकाच्या पोटात ठेवलेली आहे. फुलं सगळ्यांना दिसतात.

आमच्या तालमीच्या दिवशी दिवे परत लागल्यावर मी त्या स्वयंसेवकाला बाजूला घेऊन विचारलं, ‘समजा खरंच काही झालं आणि या जिन्यात कुणी जखमी झालं, तर कुठला फॉर्म भरायचा?’ पोरगा प्रामाणिक होता. त्यानं पुस्तिका पुढून-मागून चाळली, मग म्हणाला, ‘काका, ते बहुतेक महसूलवाल्यांकडे. विचारून सांगतो.’ माझा नंबर घेतला. त्याच्या वहीत सोसायटीच्या सगळ्या हजर माणसांची नावं होती, मजल्यासकट, वेळेसकट. आईचंही होतं. समोर शेरा लिहिला होता: खिडकी उत्तम झाकली. त्याचा फोन अजून आलेला नाही, आणि वाळूच्या बादलीत तळमजल्यावरच्या कुणीतरी तुळस लावली आहे.